सात अंशांची खोली

त्या सकाळी शेडमधले एकोणीस सिलिंडर एकशे छत्तीसवर आले होते आणि विसावा एकशे सव्वीसवर.

मी पान्याने दाबाचा मीटर काढला आणि शेजारच्या सिलिंडरला लावून बघितला. एकशे छत्तीस. परत विसाव्याला लावला. एकशे सव्वीस. म्हणजे मीटर शहाणा होता. मग व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी ओतलं आणि नाक टेकवून बसलो. एक बुडबुडा आला असता तर मी देवाचे आभार मानले असते, पण नाही आला. सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेला नंबर मी वाचलाच नव्हता. नंबराखाली अंगठ्याएवढा पोचा आहे, तो माझ्या बोटांना पाठ आहे. चव्वेचाळीस सतरा. उन्हाळा लागल्यापासून ही त्याची तिसरी खेप, आणि तिन्ही वेळा हेच.

भिंतीवरचा तापमापक तीस अंश दाखवत होता. वरचा पत्रा आठ वाजताच तडतडायला लागला होता. माझा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि या महाशयांच्या अंगावर फ्रिजमधल्या बाटलीवर येतात तसे पाण्याचे थेंब जमले होते.

मी सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरतो. सव्वीस वर्षं हेच काम केलंय, दुसरं काही येत नाही. माणूस म्हणून मी जरा तापट आहे आणि घाईचा आहे. ताई मला लहानपणापासून तुफान म्हणायची, तेच नाव चिकटलं. तिचं लग्न झाल्यावर भावजीही तेच म्हणायला लागले, आणि त्यांच्या तोंडी ते फार सावकाश येतं.

कामाला लागलो तेव्हा आमचे सुपरवायझर होते मास्तर. शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं, पण बोलणं तसंच. पहिल्या दिवशी त्यांनी मला भरलेल्या सिलिंडरवर हात ठेवायला लावला. चटका बसला.

"का तापला?" त्यांनी विचारलं.

"कोंबून भरला म्हणून."

"बरोबर. आता नीट ऐक, हे जन्मभर पुरेल. आत चार गोष्टी असतात. जागा किती, माल किती, दाब किती, ताप किती. या चौघांचं एकमेकांशी असं बांधलेलं आहे की एकाला हलवलं तर दुसऱ्याला हलावंच लागतं. आपलं भांडं लोखंडी, म्हणून जागा बदलत नाही. व्हॉल्व्ह बंद केला की मालही बदलत नाही. राहिले दाब आणि ताप. ते दोघं नवरा-बायको. एक चढलं की दुसरं चढणार, एक उतरलं की दुसरं उतरणार. म्हणून गरम सिलिंडरवरचा दाब खरा मानायचा नाही. तो तापातली बडबड आहे."

या कायद्याला पुस्तकात आदर्श वायूचा नियम म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, आदर्श वायू म्हणजे कुठला, आपला की नायट्रोजन? ते हसले. म्हणाले, "कुठलाच नाही. आदर्श शाळा असते, आदर्श सोसायटी असते, फलकावर लिहिलं की झालं. वायूला तसं जमत नाही. आदर्श वायूतले कण एकमेकांना ओळखत नाहीत. आपटले की बाजूला होतात आणि आपल्या वाटेने जातात. खऱ्या वायूत एकमेकांची थोडी ओढ असते. त्या ओढीमुळे हिशेब जरासा चुकतो. पण आपल्या कामापुरता नियम पक्का आहे."

यावरून शेडचा एक रिवाज होता. संध्याकाळी दीडशेवर भरलेला सिलिंडर रात्रभर निवत ठेवायचा. सकाळी तो खाली आलेला असतो. मग भिंतीवरचा तक्ता बघून जेवढा कमी तेवढा सावकाश वर भरायचा, आणि मगच गाडीत चढवायचा. गरम सिलिंडर दाराबाहेर जाणार नाही. मास्तर याबाबत इतके कडक होते की एकदा मालकांच्या साडूलाही त्यांनी परत पाठवलं होतं.

मी विसावा सिलिंडर कडेवर कलता करून फिरवत वजनकाट्याकडे नेला. काट्यावरच्या बाईंना आम्ही तोळाबाई म्हणतो, कारण त्या तोळ्याचीही सूट देत नाहीत. सिलिंडर बघून त्यांनी चष्मा वर केला.

"परत हाच?"

"वजन करा."

"काल संध्याकाळी केलंय. पाटीवर लिहिलंय."

"पुन्हा करा ना बाई."

त्यांनी फडक्याने सिलिंडर पुसला, थेंबांचं वजन नको म्हणून, आणि काट्यावर घेतला.

"तोळाभर इकडेतिकडे नाही," त्या म्हणाल्या. "माल सगळा आत आहे."

"मग दाब कुठे गेला?"

"मला काय विचारता? मी वजन करते. पण हात लावून बघा, याला थंडी वाजतेय." त्यांनी हात पदराला पुसला. "हा कुठून थंडी घेऊन येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दर वेळी तुमचं तोंड असं होतं, मी काय आंधळी आहे? जिथला आहे तिथे नेऊन सोडा एकदा. मी याची चौथी पाटी लिहिणार नाही."

मी वजनाच्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. यापूर्वी दोनदा मांडायचं टाळलं होतं. भरताना सिलिंडर साठ अंशांपर्यंत जातो. वायूचा ताप मोजायचा तर त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, म्हणजे तीनशे तेहेतीस. तेव्हा दाब दीडशे. आता दाब एकशे सव्वीस, जागा तीच, माल तोच. तर आतला ताप किती?

दोनशे ऐंशी आला. त्यातून दोनशे त्र्याहत्तर वजा केले.

सात अंश.

शेडमध्ये तीस होते. पण आत कोंडलेल्या त्या ऑक्सिजनला कुणीतरी सांगितलं होतं की बाहेर सात आहेत. मला खरंच भीती वाटली, आणि ती भुताची नव्हती. मला ती खोली ओळखू आली होती.

ताईची फुप्फुसं तीन वर्षं झिजत होती. शेवटच्या हिवाळ्यात तिला दिवसरात्र ऑक्सिजन लागायला लागला, मिनिटाला दहा लिटर. सिलिंडर मीच पोचवायचो. बाहेर कडाका असला तरी तिला खिडकी उघडी लागायची. खिडकी लावली की म्हणायची, मला कोंडता का रे. भावजी दोन स्वेटर आणि मफलर घालून तिच्याजवळ बसायचे. ते नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. अक्षर छापल्यासारखं. खोलीतल्या कॅलेंडरवर ते रोज सकाळचं तापमान लिहायचे, औषधाची वेळ लिहायचे, ताईने किती चमचे पेज घेतली तेही लिहायचे.

त्यांच्याकडच्या रेग्युलेटरचा काटा अडखळायचा. कधी अर्ध्यावर चिकटून बसायचा, कधी एकदम घसरायचा. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. सिलिंडर लावला की संपायची वेळ काढून चिठ्ठीवर लिहायचो आणि ती व्हॉल्व्हच्या मानेला दोऱ्याने बांधायचो. भावजींना बजावलं होतं, "काट्याकडे बघू नका, तो थापाड्या आहे. चिठ्ठीकडे बघा." आणि चिठ्ठी कधी चुकली नव्हती.

त्या आठवड्यात सिलिंडरची सगळीकडे ओढाताण होती. दवाखान्यांच्या गाड्या शेडबाहेर रांगेत उभ्या असायच्या. घरी जादाचा सिलिंडर ठेवायला मिळत नव्हता, रिकामा द्या आणि भरलेला घ्या. ताईचा सिलिंडर सकाळी सातला संपणार होता. मी पहाटेच शेडमध्ये गेलो. निवलेले सगळे सिलिंडर आदल्या दिवशीच उचलले गेले होते. मग मी चव्वेचाळीस सतरा ओढला आणि भरला. हळू भरायला वेळ नव्हता, म्हणून जोरात भरला. दीडशेवर काटा आला. हात ठेवला तर चटका बसला.

मास्तर तेव्हा निवृत्त झाले होते. दारात मला अडवणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाचा सिलिंडर असता तर मीच अडवला असता. पण आपल्या ताईसाठी माणूस नियमाबाहेर जातो ना, तसा मी गेलो. तिला एक मिनिटही हवेवाचून राहू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. सातला पाच कमी असताना तिच्या खोलीत पोचलो, सिलिंडर लावला आणि नेहमीसारखा हिशेब केला. सत्तेचाळीस लिटरचं भांडं, दीडशेचा दाब, सात हजार पन्नास लिटर. मिनिटाला दहा. संध्याकाळी पावणेसात. चिठ्ठी लिहिली, बांधली.

"तुफान, आज जरा बस की," ताई म्हणाली. नळीमुळे तिचा आवाज नाकातून यायचा.

"संध्याकाळी सहाला येतो दुसरा घेऊन. तेव्हा बसतो."

हे आमचं शेवटचं बोलणं. गरम सिलिंडर मी उघड्या खिडकीशी, सात अंशांत उभा करून निघून आलो. सव्वीस वर्षं नियम पाठ असलेला माणूस मी. सिलिंडर निवत गेला आणि दीडशेचे एकशे सव्वीस झाले. सात हजार लिटर त्यात कधी नव्हतेच. सहा हजारही नव्हते.

चार वाजता ताईला डोळा लागला. भावजींनी चिठ्ठी बघितली. पावणेतीन तास हातात होते. ते औषध आणायला गेले, दुकानात गर्दी होती, साडेपाचला परत आले. तोवर सगळं संपलं होतं. सहाला मी दुसरा सिलिंडर घेऊन पोचलो, तो नीट निवलेला, तक्त्याप्रमाणे भरलेला. भावजी पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"दुपारी तिला जड वाटत होतं," ते म्हणाले. "थोडं वाढवा म्हणाली. मी नॉब पाव फेरा फिरवला. मग परत कमी करायचा राहिला. त्यानेच संपला ना रे आधी?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. चटका अजून हाताला आठवत होता. मी तोंड उघडलं.

"हं," मी म्हणालो.

एवढंच. एक "हं". आणि जाताना चिठ्ठी सोडून खिशात घातली.

त्याला दीड वर्ष होत आलं. दर रविवारी मी भावजींकडे जायचो, आणि दर रविवारी मला तिथे शिक्षा व्हायची. भावजींनी तेव्हापासून घरातली एकही कळ पाव फेऱ्याच्या वर फिरवलेली नाही. नळ सोडला तर दोऱ्याएवढी धार. बादली भरायला पाऊण तास लागायचा. शेगडी इतकी बारीक की चहा व्हायला तास जायचा. एकदा मी म्हणालो, चहा होईपर्यंत माझी भूक म्हातारी होते. ते हसले नाहीत. मी शेगडी जरा मोठी करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "राहू दे," म्हणाले. "वाढवायचं नाही काही." रेडिओसुद्धा ते कानाला लावून ऐकायचे, कारण आवाजाचं बटण फिरवायला नको.

ताईच्या खोलीची खिडकी त्यांनी त्या दिवशी लावली ती परत उघडली नव्हती.

मी दर रविवारी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दर रविवारी गार चहा पिऊन परत यायचो. मनाची समजूत घालायचो की सांगून ताई थोडीच येणार आहे, उलट या माणसाचं माझ्याशिवाय आहे कोण, तो माझं तोंड बघणार नाही. समजूत छान पटायची. फक्त चव्वेचाळीस सतराला ती पटत नव्हती.

तोळाबाईंची पावती खिशात घालून मी सिलिंडर गाडीत चढवला. रविवार नव्हता. भावजींनी दार उघडलं, आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागे उभ्या सिलिंडरकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"कुणासाठी नाही. ताईच्या खोलीत घेऊ का?"

त्यांनी वाट दिली. खोलीत कोंदट उकाडा होता. पलंग तसाच, उशीचा अभ्रा धुऊन घातलेला. मी सिलिंडर त्याच्या जुन्या जागी, खिडकीशी उभा केला आणि मीटर लावला. फरशीवर तेव्हाचा गोल डाग होता, तळ बरोबर त्या डागावर बसला. मी तसं ठरवून ठेवलं नव्हतं.

कॅलेंडर भिंतीवर होतं, त्याच महिन्यावर थांबलेलं. मी जवळ जाऊन ती तारीख शोधली. चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: सकाळी ७ अंश. पेज चार चमचे. २.४० गोळी, नॉब पाव फेरा, अकरा लिटर. त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"भावजी, बसा," मी म्हणालो.

"बोल ना, उभ्याने ऐकतो."

"नाही, बसा. आणि मधे काही बोलू नका, नाहीतर माझ्याने पुढे बोलवणार नाही."

ते पलंगाच्या कडेवर बसले. मी पाकिटातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. दोरा अजून तिला होता. मग सगळं सांगितलं. पहाटेची घाई, चटका, दीडशेचा खोटा आकडा, उघडी खिडकी. आणि माझं "हं". बोलताना मी सिलिंडरकडे बघत होतो, त्यांच्याकडे नाही. सांगून झाल्यावर ते बराच वेळ चिठ्ठी उलटसुलट करत होते.

"म्हणजे माझ्या पाव फेऱ्याने काहीच झालं नाही?" त्यांनी विचारलं.

आणि इथे मी पुन्हा अडकलो. त्यांच्या आवाजात जी आशा होती ती मी दीड वर्षात ऐकली नव्हती. "काहीच नाही" म्हणायचं होतं मला. दोन शब्द. म्हातारा सुटला असता. आधी तिच्यासाठी नियम मोडला, आता यांच्यासाठी मोडायचा, दोन्ही मायेपोटीच. मी सिलिंडरवर हात ठेवला. तो इतका गार होता की हाडापर्यंत कळ गेली.

"थोडं झालं," मी म्हणालो.

"किती?"

"पावतीवर काढून दाखवू?"

"मीच काढतो. आकडे सांग."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, टोक बघितलं, आणि कॅलेंडरचं पान भिंतीवरच धरून कोऱ्या कडेला लिहायला लागले. मी आकडे सांगत गेलो. सातपासून दोन चाळीसपर्यंत दहाने किती गेला. आत खरं किती होतं. उरला किती. उरलेला अकराने किती वेळ पुरला, आणि दहाने किती पुरला असता. त्यांनी मला दोनदा थांबवलं. एकदा विचारलं, भांडं बरोबर सत्तेचाळीसचंच का. दुसऱ्यांदा विचारलं, साठ अंश कशावरून, हातावरून का. मी म्हणालो, शेडमध्ये शंभरदा मोजलेत. त्यांनी मान हलवली. भागाकार त्यांनी तीन वेळा केला. उकाड्याने मला घाम फुटला होता.

"फिरवला नसता तर चार बावन्नला संपला असता," ते म्हणाले. "फिरवला म्हणून चार चाळीसला."

"हो."

"आणि तू निवलेला आणला असतास तर फिरवूनही सहा वाजून गेले असते. मी साडेपाचला परत आलो होतो."

"हो, भावजी."

"बारा मिनिटं."

"बारा."

त्यांनी बाराच्या भोवती चौकट काढली, पट्टीशिवाय, तरी सरळ आली. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मी जवळ गेलो नाही. मला तो हक्क नव्हता.

"दीड वर्ष मी समजत होतो की ती माझ्यामुळेच गेली," ते तसेच उभे राहून म्हणाले. "पाणी प्यायलो तरी वाटायचं, तिच्या वाटणीचं काही जास्त तर घेत नाही ना. तू समोर बसून तो चहा प्यायचास, तुफान. सत्तर तरी रविवार झाले असतील."

"माझं चुकलं."

"घाईचं मी समजू शकतो. तू तिच्यासाठी केलीस. माझी बहीण असती तर मीही केली असती. पण त्या 'हं'चं काय करू?"

"त्याचा हिशेब मला येत नाही."

"मलाही नाही येत."

ते वळले. डोळे लाल होते, पण चेहरा मला अनोळखी वाटला, आणि मग लक्षात आलं की तो जुना चेहरा होता, ताई असतानाचा. त्यांनी माझी चिठ्ठी मला परत दिली. दोरा नीट गुंडाळून दिला.

"बारा मिनिटं मी सांभाळीन," ते म्हणाले. "तेवढी मला झेपतील. बाकीची तू घेऊन जा."

"भावजी, मी रविवारी—"

"नको येऊ. मी बोलावीन तेव्हा ये. बोलावीन की नाही माहीत नाही."

त्यांनी खिडकीची कडी काढली. दीड वर्ष मिटलेली खिडकी, दोनदा धक्का द्यावा लागला. बाहेरची झळ आत आली, धुळीचा वास आला, रस्त्यावर कुणीतरी दुचाकी चालू करत होतं. ते माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेले.

मी मीटरकडे बघितलं. वेडी आशा असते माणसाला. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की काटा चढेल, हळूहळू एकशे छत्तीसवर येईल आणि हा सिलिंडर इतरांसारखा होईल. खोलीत तीस-बत्तीस अंश असतील. काटा एकशे सव्वीसवर होता. मी पाच मिनिटं उभा राहिलो. तो हलला नाही.

मीटर काढला, व्हॉल्व्हची टोपी फिरवून बसवली आणि सिलिंडर कलता केला. कडेवर फिरवत तो दारापर्यंत नेला, उंबऱ्यावरून उतरवला, मग तीन पायऱ्या. ओल्या लोखंडाने माझी बोटं बधिर झाली होती. गाडीत चढवताना आतून आवाज आला आणि मी थांबलो.

भावजींनी नळ सोडला होता. दोऱ्याएवढा नाही, पूर्ण सोडला होता. पाणी रिकाम्या बादलीच्या तळावर दणदणत होतं. बादली भरली, आवाज बदलला, पाणी वरून वाहायला लागलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

मी सिलिंडर अंगाला टेकवून तिथेच उभा राहिलो. भर उन्हात मला थंडी वाजत होती.